दादाने न गायलेली भैरवी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पूर्वीही नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. मालवणात मुलींना मी विज्ञान शिकवलं. ग्रहणात घराबाहेर न पडणाऱ्या मुलींना फळ्यावर गोल काढून सावलीचा हिशोब समजावला. घरी आई देवाला गाऱ्हाणं घालायची, तेव्हा मी मुद्दाम घरापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहायचे. एवढं सांगायचं कारण, पुढचं वाचून कोणी म्हणेल — बाई भोळसट होत्या. नव्हते हो. म्हणून तर हे इतकी वर्षं डोक्यातून जात नाही.

पन्नासच्या दशकातला शेवटचा भाग. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचो. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. आमचं घर मालवणात दांडीच्या किनाऱ्याला, समोर पाण्यात किल्ला. वडिलांची होडी होती, आणि माझा मोठा भाऊ मधुकर — मी त्याला दादा म्हणायचे — त्यांच्याबरोबर मासेमारीला जायचा. पण त्याचा जीव गाण्यात. भजनी मंडळात तो उभा राहिला की बायका हातातली कामं टाकून दारात यायच्या. आवाज बारीक, गोड, जरासा लाजरा. त्याला संगीत नाटकात जायचं होतं. वडील म्हणायचे, "आधी जाळा सुकत घाल, मगे नाटक कर."

आमच्या वाडीत आत्मारामबुवा राहायचे. आडनाव लिहीत नाही, त्यांच्या घरातली माणसं अजून आहेत. बुवा एके काळचे फार मोठे गायक नट. मुंबई-पुण्यापासून बेळगावपर्यंत त्यांच्या नाटकांना लोक बैलगाड्या जोडून यायचे, असं जुनी माणसं सांगत. मी पाहिले ते मात्र समुद्राकडे तोंड करून बसलेले एक गप्प म्हातारे. त्यांचा शेवटचा खेळ मालवणातच झाला होता. नाटकातल्या शेवटच्या भैरवीच्या पदात, अंतऱ्यात वरच्या षड्जाला जाताना त्यांचा आवाज फुटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फुटला. पद अर्धं टाकून ते आत गेले, रंग पुसला आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी एक सूर काढला नाही. ते पद मालवणात कोणी म्हणत नसे. तशी कोणी बंदी घातली नव्हती... पण नाही म्हणायचे.

बुवा गेल्यावर काही वर्षांनी गावातल्या नाट्यप्रेमी मंडळींनी त्यांच्या सन्मानार्थ मोठा प्रोग्रॅम ठरवला. मुंबईहून दोन नामवंत गायक, एक नाटक कंपनीचे मालक, आणि समारोपाला गोव्याचे एक प्रसिद्ध गवई. देवळासमोर माडाच्या झापांचा मोठा मांडव पडला, बुवांचा राजाच्या वेषातला फोटो मोठा करून आणला, बॅटरीवरचा लाऊडस्पीकर आला. लांबून येणाऱ्यांना परतता यावं म्हणून वेळ दुपारचीच ठेवली.

तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि हद्द बंद. गवईबुवांना परवानगी मिळेल अशी सगळ्यांना आशा होती. ऐनवेळी निरोप आला की नाही मिळत. आता समारोपाची भैरवी कोण म्हणणार? मंडळींचा आग्रह असा की बुवांचं अर्धं राहिलेलं तेच पद व्हावं. मुंबईच्या गायकांना ते नीट येत नव्हतं. दादाला येत होतं. बुवांची जुनी रेकॉर्ड एका दुकानदाराकडे होती, ती ऐकून ऐकून त्याने बसवलेलं. कोणीतरी त्याचं नाव सुचवलं, आणि तो आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला.

आदल्या दिवशी संध्याकाळी बुवांच्या पत्नी आमच्या घरी आल्या. त्यांना आम्ही काकी म्हणायचो. कमी बोलणारी, ताठ बाई. चहासुद्धा घेतला नाही.

"मधू," त्या म्हणाल्या, "सगळी पदां म्हण. ता एक म्हणू नको."

"कित्या काकी? मंडळींनीच सांगितलानी."

"तेंचा अर्धा रवलला आसा ता."

"म्हणान तर पुरा करूचा ना!" दादा हसत म्हणाला.

 काकी "बरां" एवढंच म्हणून उठून गेल्या. मला वाटलं, नवऱ्याचा मान म्हणून त्यांना ते आवडलं नसावं. दुसरं काही मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला होता. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं झाडांवर. काकी पुढच्या रांगेत. मुंबईचे दोघे फार छान गायले. मग दादाचं नाव पुकारलं. उजव्या हाताला तबल्यावर पांडूतात्या, ऑर्गनवर वेंगुर्ल्याचे एक गृहस्थ, आणि तंबोऱ्यावर मी. दादाच्या मागे, थोडी उजवीकडे. तिथून मला त्याचा गाल, कान आणि तोंडाची कड दिसत होती. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. ऊन तिरपं झालं होतं, पण लख्ख उजेड होता. गॅसबत्त्या अजून पेटवल्या नव्हत्या.

दादाने सुरुवात केली. पहिली ओळ त्याने जरा घाईत घेतली. मग तो सावरला. त्याचाच आवाज — बारीक, स्वच्छ. लोक माना डोलवायला लागले. मला इतका अभिमान वाटत होता की तंबोऱ्याच्या तारांवरचं बोट मी मुद्दाम जपून फिरवत होते.

अंतरा आला. दादा एकेक सूर वर चढत गेला. षड्जाच्या आधीच्या सुरावर तो थोडा थांबला, आणि मला त्याच्या मानेची शीर ताणलेली दिसली. मी मनात म्हटलं, नाही पोचणार.

आणि आवाज वर गेला.

कसा सांगू... तो आवाज रुंद होता. भरलेला, वयाने पिकलेला, पुरुषी. षड्जावर जाऊन तो नुसता उभा राहिला, मग तिथूनच एक तान सरसरत खाली आली आणि पुन्हा वर गेली.  मी दादाकडे पाहिलं. त्याने मान पांडूतात्यांकडे वळवली होती, त्यामुळे त्याचं अर्धं तोंड मला स्वच्छ दिसलं. ओठ मिटलेले होते. दाबून मिटलेले. आवाज चालूच होता.

माझं बोट तंबोऱ्यावर चालत राहिलं, ते सवयीने.  आवाज दादाच्या जागेवरूनच येत होता. मागून नाही, लाऊडस्पीकरमधून नाही. अंतरा झाला, मुखडा झाला, तिहाई घेऊन पद समेवर येऊन संपलं.

टाळ्यांनी मांडव उठला. म्हातारी माणसं रडत होती. "बुवाच! साक्षात बुवा!" असं कोणीतरी ओरडत होतं. नाटक कंपनीचे मालक स्टेजवर चढून दादाला मिठी मारत होते. दादा दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बसला होता.

काकींनी टाळी वाजवली नाही. त्या हळूहळू स्टेजवर आल्या. दादाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्याच्या डाव्या बाजूला थोडी मोकळी जागा होती, तिच्याकडे बघून त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "झाला मा मनासारख्या? चला आता."

आणि पायऱ्या उतरून घराच्या वाटेला लागल्या. गर्दीतल्या लोकांनी त्यांना वाट दिली. ती एका बाईला लागते त्यापेक्षा रुंद होती, असं मला वाटलं. पण ते मला वाटलं, एवढंच म्हणते.

घरी जाताना दादाने माझा दंड धरला. "शालू, तू बघलंस?"

"काय?"

"माझा तोंड बंद होता मा? मी गावकच नाय गो. वरचो सूर लागना म्हणान मी गप रवलंय. कोण गाय होतो?"

मी त्याला खरं सांगितलं — ओठ मिटलेले पाहिले म्हणून. त्याला बरं वाटेल असं वाटलं होतं. तो रस्त्यातच खाली बसला.

समोर बसलेल्या शेकडो माणसांनी मात्र दादाला तोंड उघडून गाताना पाहिलं. वडिलांनीही. मग मीच चुकले असेन, उन्हाच्या तिरिपीत भास झाला असेल, असं मी स्वतःला समजावलं. चारच दिवसांत पांडूतात्या घरी आले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "बाय, मधूचा तोंड मिटलेला होता. मिया बघलंय. माका ह्येच्यापुढे तेच्या साथीक बोलवू नका."

नंतर मी काकींकडे गेले. म्हटलं, तो आवाज बुवांचाच होता का? त्या माशाच्या तुकड्या करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "नाय. हे चांगले गायत, पण असे नाय. इतकी वर्सां दर्यावर बसान तेंनी मनातल्या मनात जा पद म्हटल्यानी, ता ह्या."

मी तशीच उठून घरी आले.

नाटक कंपनीचे मालक दादाला घेऊन गेले. आगबोटीवर त्याला पोचवायला अर्धं गाव बंदरात. पावसाळ्याच्या आधी तो परत आला. हातात तीच ट्रंक, अंगाने अर्धा झालेला. मुंबईत त्याला रोज तालमीला उभा करायचे, तो गायचा, आणि मालक म्हणायचे, "हा नाही रे. मालवणचा आवाज काढ." शेवटी शेवटी तर त्याच्या स्वतःच्या आवाजाला हसायला लागले.

"तेंका तो आवाज होयो गो," दादा मला म्हणाला. "माझो कोणाक नको."

तो पुन्हा होडीवर जायला लागला. भजनी मंडळात नाव घातलं नाही. गणपतीच्या आरतीलासुद्धा तो फक्त टाळ वाजवायचा, ओठ मिटून. ते मिटलेले ओठ पाहिले की मी तिथून उठून जायचे. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. रस्त्यात कोणी भेटलं की म्हणायचं, "मधू, ती भैरवी! तसा पुन्हा ऐकूक गावला नाय." तो मान हलवायचा. बरोबरच होतं त्यांचं. त्यालाही गावलं नव्हतं.

एकदा दुपारी मी त्याच्या घरी गेले. वहिनी विहिरीवर होती. आतून आवाज आला — बारीक, गोड, जरासा लाजरा. दादा पोरीला पाळण्यात घालून गात होता. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. मला इतकं भरून आलं की श्वास मोठ्याने निघाला असावा. गाणं थांबलं. तो बाहेर आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "चेडू झोपला," आणि होडीकडे निघून गेला.

साठचं दशक संपता संपता त्याला कावीळ झाली. वैद्य झाले, डॉक्टर झाले, उपयोग झाला नाही. पोर तेव्हा शाळेतही जात नव्हती.

मी या सगळ्यावर पुष्कळ विचार केला आहे. पुढे एका मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, सामूहिक भास. पण भास झाला कोणाला — ऐकणाऱ्या त्या सगळ्यांना, की मिटलेले ओठ पाहणाऱ्या आम्हा दोघांना? आणि दादाला? याचं उत्तर त्यांनी दिलं नाही, मला सापडलं नाही. कोणा वाचकाला सुचलं तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनाने वाचीन.

दादाला नेलं त्या दिवशी घरासमोर बरीच माणसं जमली होती. लाकडं यायला वेळ लागत होता, म्हणून कुंपणाच्या गडग्याला टेकून म्हातारी माणसं बोलत होती. नाटक कंपनी, मांडव, षड्ज, ती तान. "काय गायलो रे त्या दिवशी मधू," एक जण डोळे पुसत म्हणाला.

आत पोर पाळण्यावर हात ठेवून उभी होती. मी तिला उचललं आणि मागच्या दाराने माडांकडे घेऊन गेले, म्हणजे तिला ते ऐकू येणार नाही.