रिकाम्या काचेवरचा बांगडा
सुक्या मासळीचा वास आला की मला तो बांगडा आठवतो. पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा केशरी थर मी काचेवर चढवला होता. त्यावर एक्स-रे पडले की पडद्यावर चित्र उमटायला हवं होतं. चाचणीसाठी दिवाळे गावात मासळी विकणाऱ्या माझ्या आईने खारा बांगडा दिला. लॅबभर वास सुटला, सगळ्यांनी नाकं दाबली, पण पडद्यावर काटा न् काटा दिसला! मी हरखून बांगडा उचलला आणि रिकाम्या काचेवर पुन्हा एक्स-रे सोडले, तर काटे तिथेच. पुसट, पण तेच. लॅबचे सर म्हणाले, "उद्या एका पेशंटच्या छातीत आधीच्याची मोडकी बरगडी दिसली तर?" पदार्थ वाईट, की माझंच काही चुकलं? घरी आले तेव्हा आई टोपली धूत होती. सगळं ऐकून म्हणाली, "त्यात रडाचं काय हाय? टोपली रिकामी केली तरी वासानं मांजर येतंच ना!" मी आणखीच गोंधळले. आता आई नाही. तिची टोपली गॅलरीत रिकामी पडून आहे, तरी मांजर येतं. येता-जाता मीही आत डोकावते. काय बघायला, ते कळत नाही.