कानापर्यंत न गेलेला हात

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा दशावताराचा प्रयोग संपवून थेट कुडाळच्या एसटी स्टँडवर आले होते. ते एका दशावतारी मंडळात पेटी वाजवायचे. डोळे लाल, अंगात चुरगळलेला सदरा. माझी बॅग उचलून घेतली आणि भर गर्दीत म्हणाले, "सा लाव बघू."

मी लाजून कसाबसा लावला.

"मोठ्यान लाव गो बाय. मुंबैक नेतंस ना तो? मगे हयच इसरू नको."

दोन कंडक्टर माझ्याकडे बघत उभे होते. मी पुन्हा सा लावला, पण मोठ्याने काही नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला. बाबांची लाज वाटण्याची ती पहिली वेळ. आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मला उगाच गुणी समजू नका.

मुलुंडच्या एका ट्रस्टने मला गाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली होती. दोन वर्षं शिकवणी, येण्याजाण्याचा खर्च आणि रियाजाला एक तानपुरा. अट एकच. पहिलं वर्ष संपलं की तीन परीक्षकांपुढे गायचं. त्यांना पटलं तर पुढचं वर्ष, नाहीतर तानपुरा ट्रस्टला परत आणि मुलगी गावाला परत.

राहायला विक्रोळीत आत्याची खोली. भिंतीपलीकडे दुसरा संसार, त्यामुळे माझ्या रियाजाला आत्याचा ताल ठरलेला. "हळू गं, हळू. शेजारची विचारत होती, सकाळी सकाळी तुमच्याकडे रडतं कोण?" तिथून दोन बस बदलून बोरिवलीला माझ्या गाण्याच्या बाईंकडे शिकायला जायचं. बाई मायाळू होत्या, पण गाण्याच्या बाबतीत कडक. माझ्या गळ्यातून बाबांच्या पेटीवरची एखादी जागा निसटली की हात वर करून थांबवायच्या. "ही नाटकातली हरकत. ही गावी ठेवून ये."

मी एकेक ठेवत गेले.

बाईंच्या घरी एक रीत होती. गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा. एवढं मोठं नाव आपल्या तोंडी आलं, त्याची ती माफी. आमच्या गावी हे मी कधी पाहिलं नव्हतं. आठवड्याभरात शिकले आणि नवशिक्याच्या उत्साहाने दिवसातून वीसदा कान धरू लागले. आत्या म्हणायची, "शाळेत शिक्षा झाल्यासारखी काय करतेस गं?" फोनवर मी बाबांनाही त्या रीतीचा अर्थ मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितला. ते म्हणाले, "बरा आसा ता."

परीक्षेच्या दिवशी पालकांनाही बोलावतात, कारण पुढच्या वर्षाच्या कागदावर त्यांची सही लागते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये मागच्या रांगेत बसले होते. माझं गाणं चांगलं झालं. मग मधल्या परीक्षकांनी विचारलं, "कुणाकडे शिकतेस?" मी बाईंचं नाव घेतलं. हात आपोआप कानाला गेला.

"आणि त्याआधी?"

"त्याआधी असं काही नाही. वडील पेटी वाजवतात, दशावतारात."

हात मांडीवरच होता.

मला ते कळलंसुद्धा नाही. कळलं ते अर्ध्या तासाने, सही करताना. ट्रस्टच्या ताईंनी बाबांना विचारलं, "मुलीच्या गुरू कोण?" बाबांनी पेन खाली ठेवलं, कानाला हात लावला आणि मग बाईंचं नाव घेतलं. ज्या बाईंना ते आयुष्यात एकदाही भेटले नव्हते, त्यांचं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मुलुंडच्या स्टॉपवर मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "पट्टी सोडलंस नाय. बरा झाला." तेवढ्यात बस आली. पुढच्या गणपतीला गेले की पायावर डोकं ठेवेन आणि सगळं सांगेन, असं मी ठरवलं. गणपतीच्या आधीच ते गेले. मी पोचले तेव्हा पेटीला गवसणी घालून ती मंडळाच्या ट्रंकेवर ठेवलेली होती.

दुसरं वर्ष मला मिळालं. आता मी मुलुंडलाच गाणं शिकवते, आणि त्याच ट्रस्टच्या परीक्षेत टेबलाच्या या बाजूला बसते. कुठून कुठून मुलं येतात. मोठ्या गुरूंचं नाव येतं, हात कानाला जातो. मग मी हटकून विचारते, "त्याआधी?" कुणी आईच्या ओव्या सांगतं, कुणी मामाची ढोलकी. मी त्यांच्या हातांकडे बघत राहते. हात बहुतेकदा मांडीवरच असतो. त्यासाठी गुण कापायची सोय नाही, आणि असती तरी मी कुठल्या तोंडाने कापणार?

माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. जे गावी राहिलेत, त्यांना एवढंच सांगते की गावचं घर आता बंद असतं. गेले तरी किल्ली शेजारून मागून घ्यावी लागते. पण इथे कुणी सहज विचारलं, "मॅडम, तुमचं गाव कुठलं?", की नाव ओठांवर येण्याआधी माझा हात कानाशी गेलेला असतो. समोरच्याला वाटतं, मी कानातलं नीट करतेय.