हौशी कोणाला म्हणायचं

माझी मुलगी बारा वर्षांची असताना हिंगण्याच्या रस्त्यावरच्या एका क्लबात घोडेस्वारी शिकायला लागली. मी सरकारी कचेरीत, आस्थापना शाखेत. घोड्यांतलं मला काही कळत नव्हतं, पण नियम वाचायचा मला नाद आहे. कोणाची पदोन्नती कुठल्या परंतुकात अडकली ते शोधायला मला खरंच आवडतं. क्लबाच्या सचिवांना हे कुठूनतरी कळलं असावं. हिवाळ्यात स्पर्धा ठरली तेव्हा त्यांनी प्रवेशअर्ज तपासायचं काम माझ्या गळ्यात घातलं आणि नियमावली हातात ठेवली.

ती मी दोन संध्याकाळींत वाचून काढली. मुलांचं वय वाढदिवसावरून मोजत नाहीत, स्पर्धेच्या वर्षातल्या एक जानेवारीवरून मोजतात. तट्टूची उंची डोक्यापर्यंत नाही, मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथपर्यंत घेतात. घोड्याच्या ओळखपत्रावर त्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे आकृतीत काढून दाखवावे लागतात. हे असं काहून, हा प्रश्न मला प्रत्येक कलमाला पडायचा आणि मी तो क्लबातल्या सईसाला, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसाला, विचारायची.

हा माणूस चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. रोज पहाटे कन्हान गावाहून मोटरसायकलने यायचा. त्याच्या वडिलांकडे लग्नाच्या घोड्या होत्या आणि तोही दहा-बारा वर्षं गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांच्या वरातींत घोडी घेऊन जायचा. उंचीचं मी विचारलं तेव्हा त्याने मला एका तट्टूपाशी नेऊन उभं केलं.

"डोकं तं वर-खाली करते ताई. हा उंचवटा जागचा हालत नाही. म्हणून इथंच मोजा लागते."

अर्जांची मुदत संपायला दोन दिवस होते तेव्हा तो क्लबातल्या माझ्या टेबलाशी आला आणि घडी केलेला कागद पुढे ठेवला.

"बरोबर भरला का, पाहा बरं."

अर्ज त्याचाच होता. घोड्याच्या रकान्यात क्लबाची जुनी तांबूस घोडी, शेजारी सचिवांची परवानगीची सही. गटाच्या रकान्यात 'प्रौढ, हौशी'. मला आनंद झाला. पण सवयीने मी व्याख्येचं पान उघडलं आणि तिथेच थांबले. घोड्यावर बसण्याचा, घोडा तयार करण्याचा किंवा स्वारी शिकवण्याचा मोबदला जो घेतो, तो हौशी नाही. त्याखाली बारीक अक्षरांत, खरारा, चारापाणी आणि निगा यांचा पगार मोबदल्यात धरू नये.

मी त्याला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. तो ऐकून घेत होता.

"वरातीचं काय?" मी विचारलं. "घोडीचे पैसे तुम्ही घेत होता."

"मी तं घोडीवर कधी बसलोच नाही. नवरदेव बसे. मी लगाम धरून पायी चालत होतो."

हे मला पटलं. कलमात बसण्याचा मोबदला म्हटलं होतं, चालण्याचा नाही. मी पुढच्या ओळीकडे वळले.

"आणि इथला पगार? तो निगा राखण्याचा आहे ना?"

"सकाळी सहाले मी एकेका घोड्यावर बसतो. पोरं यायच्या आधी घोड्याचं अंग मोकळं करा लागते. नाही तं पोराले पाडते."

"काम म्हणून बसता की मनाने?"

"काम बी आहे, मन बी आहे. आता याचं काय लिहायचं?"

इतकी वर्षं मी नियम वाचतेय, पण मन मोजणारा रकाना कधी पाहिला नव्हता. मी उठून सचिवांकडे गेले. ते म्हणाले, "निगा राखतो एवढंच लिहा. त्याचं नेमणूकपत्रही तसंच आहे. कोणी हरकत घेणार नाही." नेमणूकपत्र खरंच तसंच होतं. कागदाच्या बाजूने बघितलं तर माझे हात स्वच्छ राहणार होते. मला मोह झाला, हे कबूल करते.

मी परत येऊन त्याला तसं सांगितलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

"सकाळी बसतो हे पोरायले ठाऊक आहे. तुमच्या पोरीलेही ठाऊक आहे. खोटं नका लिहू. दुसरा कोणता गट आहे?"

दुसरा होता खुला गट. त्याला पात्रतेची काहीच अट नव्हती, म्हणून त्यात बाहेरगावचे कसलेले स्वार आपापले जातिवंत घोडे घेऊन यायचे. त्याने 'हौशी' खोडलं, वर 'खुला' लिहिलं आणि खाडाखोडीजवळ सही केली. सही करावी लागते हे मी न सांगताच.

स्पर्धेच्या दिवशी पोशाखाचा नियम होता. कोट हवा, हनुवटीखाली पट्टा बांधलेली टोपी हवी. कोट सचिवांनी स्वतःचा जुना दिला. त्याच्या बाह्या याला आखूड होत्या. सात स्वार रिंगणात उतरले. आधी साधी चाल, मग दुडकी, मग दौड. दुडकीपर्यंत ती तांबूस घोडी अशी चालली की शेजारचे लोक बोलायचे थांबले. माझी मुलगी कठड्याला धरून पुटपुटत होती, "हात बघ, आई. हात हलतच नाहीत." दौडीत मात्र घोडीचं वय दिसलं. दोनदा ती मध्येच दुडकीवर उतरली. दोन्ही वेळा त्याने तिला ओढलं नाही की मारलं नाही, पुढे झुकून पुन्हा विचारावं तसं केलं.

चौथा आला. बक्षिसाची फीत पहिल्या तिघांनाच होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई नंतर तबेल्याकडे गेल्या आणि घोडीच्या तोंडावरून हात फिरवत त्याला म्हणाल्या, "लगाम फार हलका ठेवता तुम्ही. कुठे शिकलात?"

"पायी चालता चालता," तो म्हणाला. त्या हसल्या. त्याने ते हसण्यासाठी म्हटलेलं नव्हतं, हे त्यांना कळलं की नाही कोण जाणे.

मला चुटपुट लागून राहिली. मी स्पर्धेच्या समितीला दोन पानी टिपण लिहिलं आणि पुढच्या वर्षी क्लबांमध्ये काम करणाऱ्यांसाठी वेगळा गट निघाला. मी मोठ्या हौसेने पहिला अर्ज त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वाचला आणि परत दिला.

"तुम्ही माझ्यासाठी केलं, ते समजलं मले. पण त्यात सगळे माझ्यासारखेच राहतीन. मले ते दुसरे कसे बसतात ते पाहायचं आहे. बाहेर उभं राहून नाही दिसत ते. सोबत दौडा लागते."

पुन्हा खुला गट. त्या वर्षी तो सहावा आला. घोडी मागच्यापेक्षा तयार होती, असं तोच म्हणाला. चूक स्वाराची झाली. पुढच्या काळ्या घोड्याचा स्वार वळणावर पाय कुठे ठेवतो ते पाहण्यात चाल बदलायचा परीक्षकांचा एक इशारा त्याच्या कानावर पडलाच नाही. तो पाय कसा ठेवायचा, ते मात्र त्याने त्याच संध्याकाळी माझ्या मुलीला शिकवलं.