खाली पाहा, वहिनी

फोटोकाका कॅमेरा डोळ्याला लावत आणि समोरच्या माणसाला म्हणत, "माह्याकडे पाहू नोका." आता बोला! जगातला प्रत्येक फोटोवाला "इकडे बघा, हसा" म्हणतो, आणि पवनीच्या आमच्या गल्लीत येणारा हा एकच गृहस्थ लोकांना माना खाली घालायला लावायचा.

जवाहरनगरला त्यांची नोकरी होती. रविवार उजाडला की पवनीची बस धरून, गळ्यात कॅमेरा अडकवून हजर. लग्नाबारशाचे फोटो त्यांनी कधी काढले नाहीत. वैनगंगेत जाळं टाकणारे ढिवर, राइस मिलमध्ये पोती वाहणारे हमाल आणि आमच्या गल्लीत ओसरीओसरीवर बिड्या वळणाऱ्या बाया, हेच त्यांचं गणगोत. "कॅमेऱ्याकडे पाह्यलं का माणूस पाहुणा होते," ते म्हणत. "मले पाहुणे नाही पायजे, घरचे पायजे."

माझी आई त्यांची सगळ्यात लाडकी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, आणि बोटं अशी चालायची की पाहणाऱ्याची नजर पुरी पडू नये. काका समोरच्या पायरीवर तास तास बसत. तिने चुकून मान उचलली की लगेच, "खाली पाहा, वहिनी." हळूहळू तिला सांगावंही लागेना. कॅमेरा दिसला की मान खाली. साऱ्या गल्लीचीच ती खोड झाली. माझ्या लग्नाच्या फोटोत व्याही-विहिणी ऐटीत समोर पाहताहेत आणि आमच्या गल्लीतल्या बाया ओळीने आपापल्या मांडीकडे. सासरच्यांना वाटलं, काय लाजऱ्या बाया आहेत! आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

एकदा नागपूरला काकांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. आईचे हात दाराएवढे मोठे करून लावले होते. लोक थांबून थांबून पाहत होते. घरी येऊन मी फुशारक्या मारल्या, तर आईने विचारलं, "माह्यं तोंड दिसते का त्याच्यात?"

"नाही."

"मंग लोकाइले कसं समजते, का मी हावो म्हणून?"

काका तिथेच चहा पीत होते. "तुमचे हात बोलतेत, वहिनी," म्हणून मोठ्यांदा हसले. आई हसली नाही. तिने सूप पुढे ओढलं.

गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत आई गेली. तेरवीला लावायला फोटो हवा होता. आधार कार्डावरचा फोटो इतका काळा आलेला, की तो पाहून ती स्वतःच विचारायची, ही बाई कोण? आमच्या मोबाइलमध्ये तिचे फोटो ढीगभर, पण सगळ्यांत दिसतो तो तिचा भांग. शेवटी मी काकांकडे धावले. वीस वर्षं तिचे फोटो काढणाऱ्या माणसाकडे नसेल, तर कोणाकडे असणार?

काकांनी सगळे खोके उपडे केले. फरशीवर आईच आई पसरली. मानेवरची पोत, बोटं, दातात धरलेला दोरा, एकात अर्धा गाल. आम्ही दोघांनी दोनदोनदा सगळं पाहिलं. पुरा चेहरा एकातही नव्हता.

"एक डाव पाह्यलं होतं तिनं," काका म्हणाले. "तू शाळेतून आली होती, माह्या मांगं उभी होती. तुले पाहून वर पाह्यलं अन् हासली. मी कॅमेरा खाली केला, बेटा. तिनं मान खाली घालेपर्यंत थांबलो."

मला ओरडायचं होतं त्यांच्यावर. खूप राग आला, खोटं कशाला सांगू? पण ते त्या फोटोंवर हात ठेवून लेकरासारखे रडत होते. ओरडणार तरी कोणावर? तेरवीला हातांचाच फोटो लावला. आसगावहून आलेल्या आत्याने हार घालता घालता विचारलं, "माह्या भावजयचं तोंड कुठी हाय वो?"

त्यानंतर काका गल्लीत आले की "वर पाहा, वहिनी, एक डाव वर पाहा" म्हणत दारोदार फिरायचे. अक्षरशः हात जोडायचे. बाया तोंडाला पदर लावून हसत आणि माना आणखीच खाली घालत. इतक्या वर्षांची शिस्त, ती हात जोडून थोडीच मोडते!

परवा ते कायमचे मुलीकडे निघाले. जाण्याआधी गल्लीत आले. मी माहेरीच होते, आईच्या जागेवर ओसरीत बसलेली.

"तुह्यात वहिनी दिसते बेटा," ते म्हणाले. "वर पाह्य. एकच फोटो."

माझ्या मांडीवर ना सूप, ना पानं. रिकाम्या हातांनी बसले होते. वर पाहायचं होतं मला, मनापासून. पण कॅमेरा त्यांच्या डोळ्याला लागला आणि माझी मान आपसूक खाली गेली. त्यांची झिजलेली चप्पल तेवढी दिसत होती. ते थांबले. "बेटा," म्हणाले, आणि पुन्हा थांबले. मला रडू फुटलं, तशी मान उचलेचना. मग बसची वेळ झाली.

मी वर पाहिलं, तेव्हा ते गल्लीच्या टोकाला पोचले होते.