चिमटीतलं कापड

आधीच सांगून टाकतो. त्या रविवारी बाकावर काकांचं म्हणून जे वाक्य मी सांगितलं, ते काकांचं नव्हतं. माझं होतं. ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेलं खरं आहे की नाही हे तपासण्याचा पगार मी घेतो, आणि एका माणसाच्या तोंडी मीच खोटं घातलं.

भेटल्यावर चेहऱ्याकडे नंतर बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काका आधी कापड बघायचे. समोर येऊन उभे राहायचे, तुमच्या शर्टाची कड अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरायचे आणि हळूच उलटी करायचे. डोळे मिटलेले. तेवढ्या वेळात ते कुठेतरी लांब गेलेले असायचे. परत आले की निकाल सांगायचे.

"फ्रेश."

किंवा, "सेकंड." अगदीच वाईट असेल तर, "चिंधी."

हे तीन शब्द त्यांनी गिरणीतून आणले होते. घडीखात्यात ते माल तपासायचे. मागावरून उतरलेला तागा टेबलावरून सरकत जायचा, काकांचा हात त्याच्यावरून फिरायचा, आणि जिथे दोष लागेल तिथे ते खडूची खूण करायचे. गिरणी बंद झाली, काकांनी दादरला एका शिंप्याकडे काजबटणं केली, पण निकाल द्यायची सवय राहिली. चहा सेकंड असायचा. बागेतली हवा फ्रेश. माझ्या सासऱ्यांनी दिलेल्या सफारीला त्यांनी लग्नानंतर वीस वर्षांनी चिंधी ठरवलं, आणि मला बरं वाटलं.

परळच्या त्या बागेत रविवारी सकाळी आम्ही चौघे जमायचो. बँकेतून निवृत्त झालेल्या प्रधानबाई, औषधाचं दुकान चालवणारा शेट्ये, मी आणि काका. फिरणं नावापुरतं. दोन फेऱ्या झाल्या की बाक, आणि बाकावर शेअरबाजार. काकांकडे एकही शेअर नव्हता. ते उजव्या टोकाला बसून ऐकायचे आणि मधूनच विचारायचे, "उलटं करून बघितलंत?"

त्या वर्षी विषय एकच होता. कपड्यांच्या दुकानांची एक मोठी साखळी, एके काळी लग्नसराईत जिच्या पिशव्या दारोदारी दिसायच्या, ती डबघाईला आली होती. दुकानं बंद पडत होती, कर्ज वाढत होतं, आणि तिचा शेअर एका वडापावाच्या किमतीत मिळत होता.

"आता आणखी कुठे पडणार?" शेट्ये म्हणायचा. "तळमजला आला."

"शेट्ये, हल्ली तळमजल्याखाली पार्किंग असतं," प्रधानबाई म्हणायच्या. "तीन तीन मजले."

"बाई, तुम्ही बँकेत होतात म्हणून घाबरता."

"बँकेत होते म्हणून उरलेय."

मी बाजू लावून धरायचो. नाव जुनं आहे, जागा मोक्याच्या आहेत, एक चांगला हंगाम आला की चित्र पालटेल. माझ्या आवाजात जरा जास्तच जोर असायचा. त्याचं कारण बाकावर कुणाला माहीत नव्हतं. घरीही नव्हतं. मी ते शेअर आधीच घेतले होते. बरेच. आणि रोज ते माझ्या फोनच्या पडद्यावर थोडे थोडे विरघळत होते.

शेवटी बाईंनीच तोड काढली. "ताळेबंद आपण तिघांनी वाचला. माल कुणी बघितलाय? काकांना घेऊन जा. ते फ्रेश म्हणाले तर मी घेईन."

"मी पण," शेट्ये म्हणाला. "काकांचा अंगठा, विषय संपला."

शनिवारी दुपारी मी काकांना लोअर परळच्या मॉलमधल्या त्या साखळीच्या दुकानात घेऊन गेलो. दारातून आत गेलो आणि थंड पाण्यात उतरल्यासारखं झालं. सगळीकडे पांढरा उजेड, कुठून येतंय कळू नये असं संगीत, आणि रांगेने टांगलेले रिकामे शर्ट. गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतं. काका त्या शर्टांमधून झोपेत चालल्यासारखे चालत होते. एका जागी थांबले, पायाने फरशी चाचपली.

"गिरणी पाडून हा मॉल बांधला ना, इथे आमचं घडीखातं होतं," ते म्हणाले. "हे कपडे बदलायचे खण आहेत ना, तिथे माझं टेबल."

खरंच तिथेच होतं की नाही, कोण सांगणार. पण मला क्षणभर वाटलं, की तागा अजून सरकतोय.

मग ते कामाला लागले. एकेक शर्ट उलटा करत गेले. दुकानातली मुलगी जवळ आली. "अंकल, साइज कौनसा?"

"साइज नको गं. शिवण बघतोय."

ती मराठीच निघाली, भायखळ्याची. काकांना स्टूल आणून दिलं. काकांनी तिला शर्टाची घडी घालायची त्यांची रीत दाखवली, कॉलर न मोडता, तीन हालचालींत. तिने दोनदा करून बघितली आणि हसली.

बाहेर पडल्यावर काका फुटपाथवर थांबले. मग म्हणाले, "सेकंड."

"सगळंच?"

"कॉलरीत कागदासारखं अस्तर. टाके विरळ. ते चालेल एक वेळ. पण माल जुना आहे रे. घडीच्या रेषेवर रंग उडालाय. लेबलाखाली आधीच्या लेबलाचं भोक आहे. मागच्या सालचा माल नवा म्हणून टांगलाय. गोदामं भरली असणार त्यांची." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "मुलगी मात्र फ्रेश."

दुसऱ्या दिवशी काका बागेत आले नाहीत. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, तीन आठवडे ते यायचे नव्हते. शेट्येने मला लांबूनच विचारलं, "काय रे, काय निघाला निकाल?"

मला अजून तो क्षण दिसतो. समोर बदामाचं झाड, खाली लाल पानं, बाईंच्या हातात थर्मासचं झाकण. दोघंही माझ्याकडे बघत होती. सेकंड, एवढाच शब्द होता. पण तो बोललो असतो तर त्या शेअरांबरोबर मी एकटा उरलो असतो.

"फ्रेश," मी म्हणालो. "काका म्हणाले, माल फ्रेश आहे."

दोघांनी सोमवारीच घेतले. बाईंनी बेताने, शेट्येने दुकानाच्या नव्या फ्रिजसाठी ठेवलेले पैसे घालून.

काका परत आले ते काळा चष्मा लावून. तोवर कंपनीने आणखी दुकानं बंद केली होती, लोअर परळचंही. गोदामात पडून राहिलेल्या जुन्या मालाची बातमी पेपरात आली होती. भाव तळघरात गेला होता, बाईंनी सांगितलेल्या तिसऱ्या मजल्यावर.

"या काका," शेट्ये म्हणाला. "डोळ्यांना चष्मा लावलात, आता अंगठ्याला पण एक लावा. फ्रेश म्हणे."

काकांनी मान वळवली. चष्म्याआडून ते माझ्याकडे बघत होते की झाडाकडे, मला कळलं नाही. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी बांधलेलीच होती.

"मी म्हणालो का फ्रेश?" त्यांनी हळूच विचारलं.

मी नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला लागलो.

"म्हणालो असेन," काका म्हणाले. "हात म्हातारा झाला आता."

त्यानंतर त्यांनी कुणाच्या शर्टाची कड धरली नाही. यायचे, बाकाच्या टोकाला बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली. शेट्ये एकदा नवा झब्बा घालून मुद्दाम त्यांच्या समोर उभा राहिला. टोमण्याचं त्याला वाईट वाटत असावं. काका म्हणाले, "छान आहे." छान हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला.

एकदा मी त्यांना चाळीपर्यंत सोडायला गेलो होतो. वाटेत ते म्हणाले, "ती मुलगी रे, भायखळ्याची. तिची नोकरी गेली असेल ना?" एवढंच. माझ्याबद्दल एक अक्षर नाही.

मी चार महिने लावले. मग एका संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. काका गणपतीसाठी कणकवलीजवळ गावी निघायच्या तयारीत होते, ट्रंकेत कपडे लावत होते, तीन हालचालींत एकेक घडी. मी उभ्याउभ्याच सांगितलं. आधी शेअर घेतले होते ते, बाकावर काय बोललो ते.

"बस," ते म्हणाले. मी बसलो. ते घड्या घालतच राहिले. मग म्हणाले, "एकदा मी खडू पुसला होता. आमच्या खात्याचा एक विणकर. दोष त्याचाच होता, तागाभर. पण बायको अवघडलेली, दंड झाला असता. मी खूण केली आणि अंगठ्याने पुसून टाकली. तागा फ्रेश म्हणून गेला बाजारात."

"मग?"

"मग काय. कुणाच्यातरी सदऱ्यावर तो दोष फिरला असेल. मी अजून रस्त्यात लोकांच्या पाठी बघतो."

"काका, माझं चुकलं."

"मला कशाला सांगतोस? माझ्या पाठीवर ते कापड नाही. ज्यांच्या आहे त्यांना सांग." आणि किती महिन्यांनी कोण जाणे, त्यांनी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली, उलटी केली, डोळे मिटले. मी निकालाची वाट बघत राहिलो. त्यांनी बाही सोडून दिली आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

पुढच्या रविवारी मी सांगणार होतो. त्याच्या पुढच्याही. काका परतल्यावर त्यांच्यासमोरच सांगू, असं मी मनाला समजावलं. काका परतले नाहीत. विसर्जनानंतर चार दिवसांनी त्यांच्या मुलाचा शेट्येला फोन आला. दुपारी जेवून पडवीत आडवे झाले होते, उठलेच नाहीत.

त्या रविवारी आम्ही तिघे बाकावर बसलो. उजवं टोक रिकामं ठेवलं होतं, कुणी न ठरवता. बाईंनी सवयीने चार कप काढले आणि एक परत पिशवीत ठेवला. बदामाचं एक पान काकांच्या जागेवर उलटं पडलं होतं.

"माणूस सोन्यासारखा," शेट्ये म्हणाला. "शेवटी हात फसला एवढंच."

मी उभा राहिलो. हातातला चहा खाली ठेवला.

"हात नव्हता फसला, शेट्ये. काकांनी सेकंड सांगितलं होतं. माल जुना आहे, लेबल दोनदा मारलंय, सगळं सांगितलं होतं. माझे शेअर आधीच घेतलेले होते, म्हणून फ्रेश मी म्हणालो. बाई, शेट्ये, काकांचं नाव मी खराब केलं, आणि तुमचा विश्वासही. मला माफ करा."