डब्यातला चिंचोका

धरणाच्या पाण्यावर लाँच चालवणाऱ्या कंपनीचा तो तिकीटवाला. पलीकडच्या वाडीतल्या शाळेत शिकवायला मी तीन वर्षं रोज त्याच्याकडून तिकीट घेते, पण त्याचं नाव मला ठाऊक नाही. तो मला नुसतं बाई म्हणतो. चेहरा कायम वैतागलेला. लाइफ जॅकेटचा बंद सैल दिसला तर म्हणणार, "आवळा तो." पुढे एक शब्द नाही.

तिकीट फाडलं की तो पत्र्याच्या डब्यात एक चिंचोका टाकतो आणि माणूस परतला की एक काढतो. मी एकदा हसले, तर म्हणाला, "तिकीट गेलेल्याचं फाटतं बाई, आलेल्याचं नाय."

गेल्या श्रावणात शाळा सुटल्यावर मी आमच्या सरांच्या मोटरसायकलवरून, लांबच्या रस्त्याने खालापूरला परतले. त्याला कळवायचं सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी लाँचचा ड्रायव्हर म्हणाला, "काल शेवटच्या फेरीनंतर यानं परत लाँच काढायला लावली. वाडीत घरोघर विचारलं. तुमी सरांबरोबर गेल्याचं कळलं, तवा कुठं डबा रिकामा केला."

तिकीटवाल्याने मानही वर केली नाही. "जाताना सांगत जावा," एवढंच म्हणाला.

खालापुरात मी भाड्याच्या खोलीत एकटी राहते. त्या संध्याकाळी मी पोचले की नाही, हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

आता परतल्यावर मी लगेच रिक्षाकडे धावत नाही. माझा चिंचोका निघेपर्यंत थांबते.