पदर काढ, मशीनला दिसत न्हाई

"डोळा मार."

केंद्र चालवणारा माझ्या आईला म्हणाला. भर दुपारी, गावच्या सेवा केंद्रात, तीस-चाळीस माणसांच्या रांगेसमोर. मी तिच्या शेजारी उभी होते.

आई लोखंडी स्टुलावर बसलेली. तो तिच्या तोंडापुढं मोबाईल धरून वाकलेला. स्क्रीनवर एक गोल, गोलात आईचं तोंड, आणि वर इंग्रजीत लिहिलेलं, पापण्या मिटा आणि उघडा. आईनं पदर कपाळावर ओढून त्याची कड दातांत धरली होती. गावात पुरुषांसमोर ती कायम अशीच बसायची.

"पदर काढ. मशीनला दिसत न्हाई."

तिनं पदर दोन बोटं मागं सारला.

"काढ म्हन्लं ना!"

आणि त्यानं स्वतःच हात घातला. पदर हिसकला. दातांतून सुटताना आईची मान झटक्यानं पुढं आली, कासरा ओढल्यावर गाईची येते तशी. डोकं उघडं पडलं. अर्धे पिकलेले केस, उसाच्या पाचटानं चिरलेले गाल, उन्हानं करपलेलं कपाळ. सगळं रांगेला दिसलं. तरी मशीनला दिसलं नाही.

हे कशासाठी चाललं होतं, ते सांगते. रेशन कार्डाची केवायसी. कार्डावरच्या प्रत्येक माणसानं मशीनपुढं जायचं आणि मी जिवंत आहे, मी मीच आहे, हे तिला पटवून द्यायचं. नाही पटलं तर नाव कटणार. नाव कटलं की त्या माणसाचं धान्य बंद. गावात कॅम्प झाला तेव्हा माझे आईबाप प्रवरेच्या पट्ट्यात उसाच्या फडावर होते. आम्ही जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, कोरड्या बाजूचे. दिवाळी झाली की आमच्याकडच्या नवराबायकोच्या जोड्या कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्यात परत येतात. मी आत्याकडं राहून बारावीला होते. आईबाप परत आले, बापाचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला, मुदतीचे दोन दिवस उरले होते आणि आईचं राहिलं होतं.

आधी बोटं लावून बघितली. दहाच्या दहा. प्रत्येक वेळी लाल दिवा. कोयत्याच्या मुठीनं तिच्या बोटांवरच्या रेघा खाल्ल्या होत्या. त्यानं तिची बोटं एकेक करून धरली, मशीनवर दाबली, वरून आपला अंगठा रोवला. नखं पांढरी पडेपर्यंत.

"बोटं हायेत का खुरपी?" तो म्हणाला. रांग हसली. मग त्यानं चेहऱ्यावर करायचं काढलं.

हा मुकादमाचा थोरला पोरगा. मुकादम म्हणजे जो आमच्या जोड्या जमवून कारखान्यावर नेतो तो. माझा बाप त्याच्याच टोळीत. पोरगा दहावीला दोनदा बसलेला, पण सगळं गाव त्याला 'सर' म्हणायचं. कॉम्प्युटर आहे म्हणून सर. पासवर्ड त्याच्याकडं, प्रिंटर त्याच्याकडं, सर्व्हर कधी चालू आणि कधी बंद हेही त्याच्याच तोंडून कळायचं. बापाच्या हातात आमचा सीझन आणि लेकाच्या हातात आमची नावं.

तर पापण्या. आईला कळलंच नाही काय करायचं. कुणी सांगितलंच नाही. तोंडापुढं वस्तू आली की मार येणार, एवढंच तिच्या अंगाला ठाऊक. तिनं दोन्ही डोळे गच्च मिटले आणि उघडलेच नाहीत. गोल लाल झाला. पुन्हा तेच. पुन्हा लाल. चौथ्या वेळी त्यानं रांगेकडं बघितलं आणि म्हणाला,

"डोळा मार, काकू. नवऱ्याला मारतीस तसा मार की. फडावर तर लई मारत असशील!"

काय हसली माणसं. ज्यांच्या बायका आईबरोबर मोळ्या उचलतात तेही हसले. मागून एकजण ओरडला, "सर, मला मारायला लावा की!" पुन्हा हसू. दोघातिघांचे मोबाईल वर आले.

आणि मीही हसले.

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग बाकीचं लिहायचा हक्क राहत नाही. माझ्यामागं माझ्या वर्गातल्या दोन पोरी उभ्या होत्या. मी हसणाऱ्यांत राहिले म्हणजे ती उघड्या डोक्याची बाई माझी कुणी लागत नाही, असं काहीतरी माझ्या मनात झालं. मला इंग्रजी वाचता येत होतं. आई, डोळे मिट आणि उघड, एवढं तिच्या कानात सांगितलं असतं तर दोन सेकंदांत झालं असतं. मी ते सांगितलं नाही. मी दात काढले. आईनं माझ्याकडं बघितलं. मग ती उठली, पदर घेतला, चालायला लागली.

"उद्या ये. उद्या लास्ट हाय," तो मागून म्हणाला.

घरी येईपर्यंत आई पुढं चालत होती, मी दहा पावलं मागं.

क्लिप आमच्या आधी घरी पोचली होती. गावाच्या ग्रुपवर. बाप ओट्यावर बसून मोबाईल चार्जिंगला लावून बघत होता. वायर आखूड, म्हणून भिंतीला डोकं टेकवून. क्लिपला कुणीतरी 'काकूनं डोळा मारला' असं नाव देऊन लावणीचा ढोलकीचा तुकडा जोडला होता. बाप ती पुन्हा पुन्हा लावत होता. आईचा डोळा, ढोलकी, हसू. आईचा डोळा, ढोलकी, हसू.

"कुनाला मारला डोळा?"

आई म्हणाली, "मशीन म्हनत हुतं."

"मशीन? मशीन हाय का यार तुजा?"

त्यानं चार्जर बोर्डातून उपटला. वायर हाताला गुंडाळली. पहिला पाठीवर. दुसरा पाठीवर. तिसऱ्याला आई वळली आणि पिनेचं टोक भुवईवर बसलं. चामडी फाटली. रक्त डोळ्यात, डोळ्यातून गालावर, गालावरून पोलक्यावर. बाप थांबला नाही. "गावात त्वांड दाखवायला जागा ठिवली न्हाईस," म्हणत मारत होता. ज्यानं पदर ओढला त्याचं नाव त्याच्या तोंडात एकदाही आलं नाही. येणार कसं? पुढच्या दिवाळीला त्याच घराच्या टोळीत जायचं होतं.

मी दाराला चिकटून उभी होते. वायरीचा आवाज मला आजही मोजता येतो. अकरा.

सकाळी आईचा उजवा डोळा वांग्यासारखा झाला होता. निळा, चकाकणारा, बंद. शेवटची तारीख. बाप तोंडावर धोतराचं पान घेऊन झोपलेला. आईनं चुलीवर पाणी तापवलं, फडकं बुडवून डोळा शेकला आणि म्हणाली, "चल."

"आई, नको."

"नाव कटंल."

एवढंच. शेकून शेकून पापणी उघडेल असं तिला वाटत होतं. वाटेभर ती बोटांनी पापणी वर करून बघत होती.

सेवा केंद्रात तीच रांग. तोच स्टूल. त्यानं आईला बघितलं आणि त्याला हसू आवरेना.

"आरं तिच्या! काकू, काल लईच जोरात मारला वाटतं डोळा. सुजला की!"

मोबाईल समोर आला. गोल आला. या वेळी मी खाली वाकले आणि आईच्या कानात सांगितलं, डोळे मिट, उघड. आईनं मिटले. डावा उघडला. उजवा उघडला नाही. तिनं बोटानं पापणी वर ओढली, जखमेतून पुन्हा रक्त आलं. गोल लाल.

पुन्हा. लाल.

म्हणजे बघा. या डोळ्यावरून ते हसले. हसले म्हणून डोळा सुजला. सुजला म्हणून आता मशीनला ही बाई जिवंत वाटत नव्हती. आणि यात कुणीच काही केलेलं नव्हतं! तो म्हणत होता मशीन, बाप म्हणत होता इज्जत, रांग म्हणत होती गंमत.

"न्हाई होत. सर्व्हर घेत न्हाई. उठ, जागा कर." आणि त्यानं आईचा पदर धरला. कालच्यासारखाच. उठवायला.

मी त्याच्या हातातला मोबाईल हिसकला आणि त्याच्या तोंडापुढं धरला.

"आता तू मार डोळा. मार. कालचं बोललास ते बोल सगळ्यांपुढं."

"ए भवाने, मोबाईल दे."

"पदर सोड आधी."

त्यानं मारली. उघड्या पंज्यानं, तोंडावर. माझं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, ओठ दातांत येऊन फाटला. तोंडात रक्ताची चव. मी पडले आणि खालूनच त्याच्या पायाला चावले. हो, चावले. त्यानं लाथ मारायला दुसरा पाय उचलला आणि माझ्या केसांना हात घातला.

तेव्हा आई उठली.

तिनं त्याचं मनगट धरलं. आता ऐका, ही कुणाची पकड आहे. डोक्यावर ओल्या उसाची मोळी घेऊन, हातभर रुंद फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईची. दिवसातून पन्नास वेळा. वीस सीझन. तिनं ते मनगट माझ्या केसांतून सोडवलं, मागं वळवलं, आणि तो "सोड, सोड, काकू, सोड" म्हणत गुडघ्यावर आला तरी वळवतच राहिली. कट असा आवाज झाला. सगळ्या रांगेनं ऐकला.

कुणी हसलं नाही.

त्या वेळीही दोघातिघांचे मोबाईल वर होते. ती क्लिप ग्रुपवर आली नाही. आजपर्यंत आली नाही.

त्याच्या हाताला प्लास्टर आणि आमच्यावर तक्रार. माझ्या ओठाला तीन टाके, त्याची तक्रार पोलीस ठाण्यात कुणी लिहून घेतली नाही. "बाई, तुमचं घरगुती दिसतंय," असं मला सांगितलं. बापाला टोळीतून काढलं. आणि पुढच्या महिन्यात कार्डावरून आईचं नाव गेलं.

हीच केवायसी घरी बसून स्वतःच्या मोबाईलवरही करता येते, हे मला मागाहून कळलं. सरनं गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी मोबाईल घेऊन बायांच्या घरी जाते आणि एकेकीचं करून देते. पण आईचं आता मोबाईलवर होत नाही. कटलेलं नाव चढवायला तालुक्याला अर्ज.

अर्ज केला. चार वेळा हेलपाटे झाले. पाचव्या वेळी कारकुनानं खुर्ची दिली, चहा सांगितला, तेव्हाच मला वास आला. बाप आधीच तिथं बसलेला होता. मुकादमही. टेबलावर टाईप केलेला कागद. आईनं रागाच्या भरात हात उगारला, तिला पश्चात्ताप होतो, ती गावासमोर माफी मागते. शेजारी निळ्या शाईचं पॅड उघडून ठेवलेलं.

"मावशी, इथं अंगठा द्या," कारकून म्हणाला. "आजच्या आज नाव चढवतो."

दहा बोटं लावून मशीनला जी बाई पटली नाही, तिचा अंगठा माफीला चालत होता!

"दे," बाप म्हणाला. "दे आन् मोकळी हो. सीझन तोंडावर आलाय."

आईनं पॅड बघितलं. कागद बघितला. तिला वाचता येत नाही. मला म्हणाली, "वाच."

मी वाचलं. सगळं. मोठ्यानं.

"माफी कशाची?" ती म्हणाली. "पदर माजा हुता. पोरगी माजी हुती."

"लई शानी झालीस का?" बापाचा हात वर गेला. ऑफिसात, कारकुनासमोर, मुकादमासमोर. कुणी खुर्चीतून हललं नाही. मी मधे उभी राहिले. या वेळी दाराला चिकटून नाही. त्याच्या डोळ्यात बघून म्हणाले, "बाप हायेस म्हनून सांगते. त्यो हात खाली आला तर मनगट कसं मोडतात ते मला पन आता म्हाईत हाय."

हात खाली आला नाही. मी कागद उचलला, फाडला आणि मुकादमाच्या चहात टाकला.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आता कॉलेजात आहे, ऊसतोड मजुरांच्या संघटनेची पत्रकं लिहिते, गावोगावच्या कॅम्पात जाऊन टेबलाशी उभी राहते. कुणी बाईला हात लावला तर पहिला शब्द तोंडानं बोलते. दुसरा शब्द हातानं बोलायची वेळ अजून कुणी आणली नाही. बाप दुसऱ्या टोळीत एकटाच जातो. आई खुरपायला जाते, धान्य विकत आणते. भुवईवर खूण राहिली. मशीन सुधारलं असं म्हणतात. मशीनशी माझं भांडण नाही. ते धरणाऱ्या हातांशी आहे, हसणाऱ्या तोंडांशी आहे, आणि त्यात माझंही एक तोंड होतं, ते मी माफ केलेलं नाही.

आईचं नाव अजून चढलेलं नाही. मागच्या आठवड्यात नवा कारकून म्हणाला, ताई, जुनं मिटवून टाका, दोन ओळी लिहून द्या, मी लगेच करतो.

मी त्याच्या टेबलावर कोरा कागद ठेवला आणि पेन ठेवलं. म्हटलं, लिहा. स्टुलावर बसवलेल्या बाईचा पदर ओढला, तिच्यावर हसलो, तिचं नाव कापलं, चूक आमची. खाली सही, शिक्का. त्यानं पेन उचललं नाही. मी सोमवारी पुन्हा जाणार आहे. या वेळी एकटी नाही, नावं कटलेल्या बावीस बाया बरोबर आहेत. आणि कोरे कागद बावीस.

आम्ही माफी लिहून देणार नाही. लिहून घेणार.